आधी ब्लेड की आधी रबर? : टेबल टेनिसच्या साहित्याविषयी वाचकांचे प्रश्न

खेळ थोडाफार हाताला लागला की खेळाडूचे लक्ष हातातल्या रॅकेटकडे जाते आणि सल्ल्यांचा भडिमारही त्याच सुमारास सुरू होतो. या वेळी आलेली बहुतेक पत्रे नवशिकेपण मागे टाकलेल्या, पण स्पर्धात्मक खेळात अजून न मुरलेल्या खेळाडूंची आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून आणि प्रश्न थोडक्यात मांडून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत. ब्लेड म्हणजे रॅकेटचा मुठीसह लाकडी भाग आणि रबर म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवायचे आवरण, ज्यात वरच्या रबराखाली बहुधा स्पंजचा थर असतो.

प्रश्न : मी दीड वर्षापासून नियमित खेळतो आणि आजवर बाजारात तयार मिळणारी रॅकेटच वापरली आहे. फोरहँड टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा हल्ल्याचा फटका) बऱ्यापैकी बसला आहे, बॅकहँडला मात्र ब्लॉक (आलेला वेगवान चेंडू नुसता अडवणे) आणि पुश (चेंडूच्या तळाला घासून उलट, म्हणजे खालची फिरकी देणारा सावध फटका) यांवरच भागवतो. बरोबरीचे खेळाडू म्हणतात, की पुढे-मागे कार्बनचे ब्लेड घ्यावेच लागणार आहे, तर ते आताच घ्यावे. हे योग्य आहे का?

उत्तर : आताच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तयार रॅकेट सोडण्याची वेळ मात्र नक्कीच आली आहे. अशा रॅकेटवरचे रबर बहुधा कारखान्यातच कायमचे चिकटवलेले असते, त्यामुळे ते गुळगुळीत झाले की चांगले लाकूडही त्याच्याबरोबर टाकून द्यावे लागते. ब्लेड आणि रबर वेगवेगळे घेतले, की ब्लेड वर्षानुवर्षे तेच राहते आणि झिजणारे रबर तेवढे बदलता येते.

आता कार्बनविषयी. कार्बनचे म्हणून जे ब्लेड विकले जाते, तेही मुळात लाकडाचेच असते. नियमानुसार ब्लेडच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा लागतो आणि चिकटवणीच्या थरात घातलेला कार्बन, काच वा तत्सम तंतूंचा थर ब्लेडच्या एकूण जाडीच्या ७.५ टक्के किंवा ०.३५ मिलिमीटर, यांपैकी जे कमी असेल त्याहून जाड चालत नाही. एवढ्या पातळ थरानेही ब्लेड ताठ होते, चेंडू मध्यभागापासून थोडा बाजूला लागला तरी वेग फारसा कमी होत नाही आणि टेबलापासून दूर गेलेल्या खेळाडूच्या फटक्यात जोर टिकतो. हे फायदे खरे आहेत, पण ते मिळतात पूर्ण ताकदीने, पूर्ण हात फिरवून मारणाऱ्याला.

आपल्या खेळातला निम्मा भाग बॅकहँडच्या ब्लॉकवर आणि पुशवर उभा आहे. या दोन्ही फटक्यांत रॅकेट जवळजवळ स्थिर असते आणि चेंडूचा वेग कमी करायचा असतो. ताठ ब्लेडवर नेमके हेच अवघड जाते. आखूड ठेवायचा पुश अर्धा वीत लांब जातो, समोरचा खेळाडू त्यावर सरळ टॉपस्पिन मारतो आणि आपल्याला वाटते की ब्लॉक कच्चा आहे. मग नकळत हात आखडायला लागतो. फोरहँडही पूर्ण न फिरवता चेंडूला नुसता धक्का देण्याची सवय लागते, कारण तेवढ्यानेही चेंडू पलीकडे जातो. जो टॉपस्पिन आपण दीड वर्षात कमावला, तोच या सवयीने बिघडतो. नव्या ब्लेडचे पहिले दोन आठवडे फार छान जातात, ही यातली सर्वांत फसवी गोष्ट आहे.

माझी शिफारस पाच थरांच्या, निव्वळ लाकडाच्या ऑलराउंड वर्गातल्या ब्लेडची आहे. स्टिगाचे ऑलराउंड क्लासिक किंवा यासाकाचे स्वीडन एक्स्ट्रा ही या वर्गातली अनेक वर्षांची परिचित उदाहरणे आहेत, आणि याच जातीचे ब्लेड जवळपास प्रत्येक नावाजलेली कंपनी बनवते. वरचा थर लिंबा नावाच्या आफ्रिकी झाडासारख्या तुलनेने मऊ लाकडाचा असेल तर चेंडू लागल्याची जाणीव हातापर्यंत नीट पोहोचते. कोटोसारख्या कडक लाकडाचा असेल तर चेंडू लवकर सुटतो. मूठ खालच्या टोकाला रुंद होणारी घ्यावी की सरळ, हा प्रश्न हाताच्या सोयीचा आहे. मात्र खेळताना रॅकेट हातात फिरवून बाजू बदलण्याची सवय असेल तर सरळ मूठ सोयीची ठरते.

पुढचे ब्लेड केव्हा घ्यावे, याची एक खूण सांगतो. आपला पुश टेबलावर दोनदा टप्पा घेण्याइतका आखूड राहू लागला, बॅकहँडनेही खालच्या फिरकीचा चेंडू उचलून टॉपस्पिन मारता येऊ लागला आणि तरीही पूर्ण ताकदीने मारलेला फोरहँड समोरचे खेळाडू आरामात अडवू लागले, म्हणजे वेगाची गरज खरोखर निर्माण झाली. तेव्हाही एकदम टोकाला न जाता स्टिगा क्लिपरसारखे सात थरांचे लाकडी ब्लेड किंवा तंतूंचा थर मधल्या लाकडाला लागून असलेले ब्लेड पाहावे. बटरफ्लायची इनरफोर्स मालिका या दुसऱ्या प्रकारची आहे. त्यात हलक्या हाताने खेळताना लाकडाचा स्पर्श जाणवतो आणि जोरात मारल्यावर आतला थर कामाला लागतो. त्याच कंपनीच्या व्हिस्कारियात हा थर बाहेरच्या लाकडाच्या लगेच खाली असतो, म्हणून ते प्रत्येक फटक्याला तत्परतेने उत्तर देते. नको असलेल्या फटक्यालाही.

प्रश्न : रबराच्या पाकिटावरचे आकडे कसे वाचावेत? एका रबराचा स्पंज ४७ अंश, दुसऱ्याचा ३६, तिसऱ्याचा ४० असे लिहिलेले असते. वेग आणि फिरकीचेही आकडे असतात. शिवाय जाडी १.८ घ्यावी, २.० की मॅक्स, हे कळत नाही.

उत्तर : वेग आणि फिरकीचे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने देते. एकाच कंपनीची दोन रबरे शेजारी ठेवून पाहायला ते उपयोगी पडतात, दोन कंपन्यांची तुलना त्यांवरून करू नये.

स्पंजच्या कडकपणाचा आकडा मोजलेला असतो, तरीही तो फसवतो, कारण मोजपट्ट्या वेगवेगळ्या आहेत. अनेक युरोपीय नावांची रबरे जर्मनीत बनतात आणि त्यांच्यावर जर्मन पद्धतीचा आकडा असतो. त्या पद्धतीत ४० च्या आसपासचा स्पंज मऊ, ४५ मध्यम आणि ५० कडक समजला जातो. बटरफ्लायच्या टेनर्जीवर ३६ लिहिलेले असते, म्हणून ते मऊ आहे असे समजून अनेक जण घेतात. प्रत्यक्षात हाताला ते जर्मन पद्धतीच्या ४७ च्या जवळपास लागते. डीएचएसच्या हरिकेन ३ वरचा ४० हा आकडा तिसऱ्याच, चिनी पद्धतीचा आहे आणि ते रबर या दोहोंपेक्षा कडक असते. थोडक्यात, आपण लिहिलेल्या तीन आकड्यांपैकी सर्वांत मोठा आकडा सर्वांत कडक रबराचा नाही आणि सर्वांत लहान आकड्याचे रबर मऊही नाही.

कडकपणाने काय फरक पडतो? चेंडू रॅकेटवर जेमतेम एक सहस्रांश सेकंद टेकतो. तेवढ्या वेळात तो स्पंजमध्ये रुतला तर वरच्या रबराला तो पकडून फिरवता येतो. मऊ स्पंजमध्ये चेंडू हलक्या फटक्यानेही रुततो, म्हणून शिकणाऱ्याला फिरकी लवकर देता येते. त्याची मर्यादा जोरात मारताना कळते, कारण स्पंज पूर्ण दबतो, चेंडू लाकडावर आदळल्यासारखा होतो आणि आणखी ताकद लावूनही काही हाती लागत नाही. कडक स्पंज ही ताकद पेलतो, परंतु तो दाबण्याइतका हाताचा वेग आधी असावा लागतो. चिकट चिनी रबराविषयी तर हे दुप्पट लागू आहे. ते स्वतःहून चेंडू फारसा उडवत नाही. कंबर, पाय आणि खांदा मिळून पूर्ण फटका मारला तरच त्याची धार दिसते आणि अर्ध्या हाताने मारलेला प्रत्येक चेंडू जाळ्यात जातो.

जर्मन आणि जपानी रबरांतली उसळी कुठून आली, हेही थोडे पाहू. पूर्वी खेळाडू सामन्याआधी रबरांना द्रावकयुक्त स्पीड ग्लू लावत. त्याने स्पंज फुगून ताणला जाई आणि चेंडू वेगाने सुटे. आरोग्याला घातक म्हणून २००८ साली ही प्रथा बंद झाली आणि तो ताण कारखान्यातच रबरात आणण्याच्या तंत्राला महत्त्व आले. टेनर्जी त्याच वर्षी बाजारात आले. अशा ताण दिलेल्या रबरांतही सौम्य आणि तीव्र असे प्रकार असतात. आपण सौम्य प्रकाराने सुरुवात करावी. ताण नसलेले, १९६९ पासून चालत आलेले यासाका मार्क फाइव्ह आजही शिकणाऱ्यासाठी उत्तम आहे आणि ते मागे पडलेले आहे असे सांगणाऱ्याकडे दुर्लक्ष करावे.

जाडीविषयी सांगायचे तर, स्पंजचा प्रताप जगाने १९५२ साली मुंबईतल्या जागतिक स्पर्धेत पाहिला. जपानच्या हिरोजी सातो यांनी जाड स्पंजच्या रॅकेटने पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवले आणि स्पंज नसलेल्या, बाहेरून दाणेदार (पिंपलच्या) कडक रबराला सरावलेल्या प्रतिस्पर्ध्यांना चेंडूचा आवाजसुद्धा ओळखीचा वाटेना. पुढे नियमांनी जाडीला मर्यादा घातली. आज स्पंज, वरचे रबर आणि गोंद मिळून एका बाजूचे आवरण ४ मिलिमीटरहून जाड चालत नाही. म्हणूनच स्पंजची मॅक्स जाडी साधारण २.१ ते २.३ मिलिमीटरच्या पुढे जात नाही. जाड स्पंज जास्त उडवतो आणि वजनही वाढवतो. पातळ स्पंजवर लाकूड लवकर जाणवते, त्यामुळे ब्लॉक आणि पुश आटोक्यात राहतात. आपल्या टप्प्यावर फोरहँडला २.० आणि बॅकहँडला १.८ ही जोडी मला योग्य वाटते. जर्मन मापाने फोरहँडला ४५ आणि बॅकहँडला ४२ च्या आसपासचा स्पंज पाहावा.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. ज्या रबराने आपल्याला जास्त फिरकी देता येते, तेच रबर समोरच्याच्या फिरकीलाही तितकेच भुलते. नव्या, पकडदार रबराने सर्व्हिस घेताना चेंडू भलतीकडे जाऊ लागले तर दोष रबराचा नाही. समोरची फिरकी आपण अजून नीट ओळखत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची असून आठवड्यातून पाच दिवस, रोज दोन तास सराव करते. प्रशिक्षक दर काही महिन्यांनी रबर बदलायला सांगतात. रबर दिसायला तर चांगले असते. ते खरोखर संपले आहे हे पालकाने कसे ओळखावे?

उत्तर : रबर फाटून संपत नाही, पकड जाऊन संपते, म्हणून डोळ्यांना ते पुष्कळ दिवस चांगले दिसते. रबर ओल्या स्पंजने पुसून वाळू द्यावे. मग एक स्वच्छ चेंडू मुठीजवळच्या कडेला, जिथे खेळताना तो क्वचितच लागतो, बोटांनी हलका दाबून गोल फिरवून पाहावा आणि तेच मध्यभागी करावे. कडेला चेंडू अडतो आणि मध्यभागी सरकतो असे झाले तर रबराचे दिवस भरले. उजेडात तिरके धरल्यावर मध्यभागी मंद, पांढरट पट्टा दिसतो, तीही खूण आहे.

ताण दिलेल्या रबराची पकड ढोबळमानाने ८० ते १०० तासांच्या खेळानंतर उतरू लागते. आपल्या मुलीचा सराव आठवड्याला दहा तासांचा आहे, तेव्हा प्रशिक्षक काही वावगे सांगत नाहीत. बदल लांबवण्याचा खरा तोटा वेगळाच असतो. पकड गेलेल्या रबरावर खालच्या फिरकीचा चेंडू जाळ्यात जातो, मूल तो पलीकडे नेण्यासाठी रॅकेटचा कोन उघडते, आणि नवे रबर आल्यावरही तोच चुकीचा कोन हातात राहतो. खर्च आवरायचा असेल तर महाग रबर वर्षभर चालवण्यापेक्षा मध्यम किमतीचे रबर वेळेवर बदलावे. प्रत्येक सरावानंतर साध्या पाण्याने पुसून वर पारदर्शक फिल्म लावली आणि रॅकेट उन्हात तापलेल्या गाडीत ठेवली नाही, तर आयुष्य निश्चित वाढते.

वजनाकडेही लक्ष द्यावे. ८० ग्रॅमचे ब्लेड आणि कापल्यानंतर प्रत्येकी ४२ ग्रॅमची दोन रबरे धरली तर रॅकेट १६४ ग्रॅमची होते. ९० ग्रॅमच्या ब्लेडवर मॅक्स जाडीची कडक रबरे लावली की तीच १८५ च्या वर जाते. मोठ्यांना हा फरक चालून जातो, पण बारा वर्षांच्या मनगटाला सरावाच्या दुसऱ्या तासात तो जाणवतो आणि फटका उशिरा येऊ लागतो.

प्रश्न : माझा बॅकहँड कच्चा आहे. त्या बाजूला लाँग पिंपल लावले तर समोरच्याची सर्व्हिस सहज परत करता येईल, असे सुचवण्यात आले. भारताची आघाडीची खेळाडू मनिका बत्राही ते वापरते. मी लावावे का?

उत्तर : सर्व्हिस सहज परत होईल, हे खरे आहे. लाँग पिंपलचे उंच, लवचीक दाणे चेंडूला पकडत नाहीत, त्यामुळे आलेली फिरकी बरीचशी तशीच राहते. समोरच्याचा टॉपस्पिन त्याच्याकडे खालची फिरकी घेऊन परत जातो आणि त्याने केलेला पुश जवळजवळ बिनफिरकीचा किंवा हलक्या टॉपस्पिनचा होऊन जातो. ज्यांना हे ठाऊक नसते, ते भराभर चुका करतात.

ज्यांना ठाऊक असते, ते आपल्या पिंपलवर सावकाश, लांब, फिरकी नसलेला चेंडू टाकतात. त्यावर लाँग पिंपलने फिरकीही देता येत नाही आणि जोरात मारणेही अवघड जाते. मनिका बत्रा यांचे उदाहरण इथे उलट दिशेने वाचावे. त्या पिंपलच्या आड लपत नाहीत. खेळ चालू असताना रॅकेट हातात फिरवून बाजू बदलतात, पिंपलने लय तोडतात आणि मिळालेल्या संथ चेंडूवर हल्ला करतात. हा एक संपूर्ण खेळप्रकार आहे आणि तो बसायला साधा बॅकहँड शिकण्याहून कमी श्रम लागत नाहीत. संथ चेंडूंचा, कोन बदलण्याचा आणि समोरच्याला गोंधळात पाडण्याचा खेळ आपल्याला मनापासून आवडत असेल तर प्रशिक्षकाशी बोलून जरूर लावावे. कच्चा बॅकहँड झाकण्यासाठी लावू नये. लावलेच तर रबर आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मान्य यादीतले आहे याची खात्री करावी, कारण अजिबात पकड नसलेल्या लाँग पिंपलना २००८ पासून मान्यता नाही. रॅकेटची एक बाजू काळी आणि दुसरी तिच्याहून स्पष्ट वेगळ्या, उजळ रंगाची असावी, हा नियम अशा दोन स्वभावांच्या रबरांमुळेच आला. २०२१ पासून लालखेरीज गुलाबी, जांभळा, हिरवा आणि निळा हे रंगही चालतात.

प्रश्न : रबर घरी चिकटवता येते का? दोनदा प्रयत्न केला, पण एकदा मध्येच फुगा राहिला आणि दुसऱ्यांदा जुने रबर काढताना लाकडाची साल निघाली.

उत्तर : येते, आणि प्रत्येक खेळाडूने ते शिकावे. साल निघाली ती बहुधा ब्लेडला लॅकर (लाकडावर द्यायचा पारदर्शक लेप) न लावल्यामुळे. मऊ लाकडाच्या ब्लेडला पहिले रबर लावण्यापूर्वी लॅकरचा एकच पातळ हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. जाड थर दिला तर ब्लेडचा स्पर्श बदलतो. रबर काढताना मुठीजवळच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून, रबर ब्लेडला जवळजवळ समांतर ठेवून, तिरके आणि सावकाश सोलत जावे. झटका दिला की तंतू त्याच्याबरोबर वर येतात.

फुगा राहतो तो गोंद ओला असताना रबर टेकवल्यामुळे. पाण्याचा गोंद ब्लेडवर एकदा आणि नव्या स्पंजवर दोनदा, पातळ, स्पंजच्या तुकड्याने एका दिशेने पसरवावा. लावताना तो दुधासारखा पांढरा असतो आणि वाळत जाताना कडेपासून आत पारदर्शक होत जातो. मध्यभागी एखादा पांढरा ठिपका उरला असेल तर तेवढ्यासाठीही थांबावे. मग रबराची नाव छापलेली बाजू मुठीच्या वरच्या रेषेला बरोबर लावून, उरलेले रबर हातात उचलून धरून, लाटण्यासारख्या गोल वस्तूने खालून वर दाबत न्यावे. या वेळी रबर जराही ओढू नये, कारण ताणून चिकटवलेले रबर काही दिवसांत आक्रसते आणि कडेला लाकूड उघडे पडते. शेवटी रॅकेट पालथी करून, नव्या पात्याच्या कटरने, पाते उभे धरून ब्लेडच्या कडेने कापावे. कंपनीचे नाव आणि मान्यतेची खूण मुठीजवळ दिसत राहिली पाहिजे, स्पर्धेत पंच ती पाहतात.

प्रश्न : रबराला बूस्टर (स्पंजला लावायचा द्रव) लावल्यास वेग वाढतो, असे ऐकले. लावावा का?

उत्तर : वेग वाढतो, पण नियमात ते बसत नाही. रबर कोणत्याही रासायनिक वा अन्य प्रक्रियेशिवाय वापरावे, असा नियम आहे. शिवाय बूस्टरने स्पंज फुगतो आणि मॅक्स जाडीचे रबर ४ मिलिमीटरची मर्यादा ओलांडू शकते. आपल्या टप्प्यावर वेगाची उणीव हे हरण्याचे कारण क्वचितच असते.

प्रश्न : स्पर्धेसाठी दुसरी रॅकेट लागतेच का? लागत असेल तर ती कशी असावी?

उत्तर : सामना सुरू असताना रॅकेट बदलता येत नाही. ती अपघाताने खेळण्याजोगी राहिली नाही, तरच बदलण्याची परवानगी मिळते. टेबलाच्या कडेला आपटून रबर फाटणे हा असा अपघात आहे आणि तो रागाने नव्हे, आखूड चेंडू घेतानाही होतो. दुसरी रॅकेट जवळ असावी, आणि ती त्याच ब्लेडची, त्याच रबरांची आणि वजनात दोन-तीन ग्रॅमहून अधिक फरक नसलेली असावी. नवी रबरे घेतली की ती मुख्य रॅकेटला लावावीत आणि उतरवलेली, थोडी वापरलेली रबरे दुसऱ्या रॅकेटवर चढवावीत. आठवड्यातला एक सराव तिच्यानेच करावा, म्हणजे ऐन सामन्यात ती हातात घेण्याची वेळ आली तर पहिले चार गुण अंदाज घेण्यात जाणार नाहीत.